पेप्टाइड वाढतो तेव्हा

काशी करून आलेली माणसं प्रवासवर्णन लिहितात. हल्ली सिंगापूर करून आलेलीही लिहितात. डोंबिवली करून आलेल्या कुणी लिहिल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही, आणि आमच्या अमरावतीत डोंबिवलीविषयी जी मतं आहेत ती सगळी तिथे कधीही न गेलेल्यांची आहेत. तेव्हा १९९९ च्या सरत्या डिसेंबरात धाकट्या बहिणीकडे आठवडाभर राहून आले, ते लिहून ठेवते.

माझ्याविषयी एवढंच, की उभी हयात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि लग्न केलं नाही. त्यामुळे अणुरेणू आणि लग्न या दोन्ही विषयांवर माझी मतं फार पक्की आहेत. दोन्हींशी माझा संबंध फळ्यापुरताच आला.

कल्याण

आमच्याकडून जाणारी गाडी डोंबिवलीला थांबत नाही, कल्याणला उतरावं लागतं. भाची घ्यायला आली होती. मुक्ता ही माझ्या बहिणीची, सुधाची, एकुलती एक मुलगी. उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशात संशोधन करते आणि सुट्टी घेऊन आली होती.

"मावशी, मी केव्हाची आलेले," ती म्हणाली.

'आलेले, गेलेले, बघितलेलं' असं मुंबईकडे सगळेच बोलतात. मी म्हटलं, "आलेले, मग काय झालं? वाक्य तर पुरं कर." ती हसली, पण ते हसू उसनं होतं.

पुलाचा जिना उतरताना माझ्या संत्र्यांच्या करंडीचा काथ्या सुटला आणि आमच्या मातीतली संत्री एकेक पायरी उड्या मारत कल्याणात उतरली. मी "बाप्पा बाप्पा" करत उभी. घाईने चाललेल्या एका माणसाने बुटाने एक संत्रं अडवलं, उचललं, माझ्या हातात दिलं आणि तोंडाकडे न बघता निघून गेला. मग दुसऱ्याने, मग एका कॉलेजच्या मुलीने. आमच्याकडे असं झालं तर चार जण आधी संत्र्याचा भाव विचारतील, मग गाव विचारतील, गावातलं कुणीतरी ओळखीचं काढतील आणि तोवर संत्री गाईच्या पोटात जातील. इथे कुणी काही विचारलं नाही, पण करंडी भरली. मला ते आवडलं आणि थोडं एकटंही वाटलं.

रिक्षात बसल्यावर मुक्ता म्हणाली, "आईने तुला का बोलावलंय माहीत आहे ना?"

"हलवा करू लागायला."

"नाही गं. मला पटवायला."

डोंबिवली

सुधाचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दार उघडताच पाकाचा वास आला. ती कल्याणच्या एका कचेरीत नोकरी करते आणि संक्रांतीच्या आधी सुट्टी काढून हलव्याचे दागिने करून देते; नव्या नवरीची पहिली संक्रांत, बाळाचं बोरन्हाण, त्यासाठी मागणी असते. मंद आचेवर परात, परातीत साबुदाणा, त्यावर थेंबथेंब पाक, आणि बोटांनी हळूहळू फिरवत राहायचं. थंडी असेल तर दाण्यावर नाजूक काटा उभा राहतो. डोंबिवलीत ज्याला थंडी म्हणतात त्यात आम्ही पंखा लावतो. तरी काटा येत होता, हे सुधाच्या हाताचं कसब.

तिचे यजमान श्रीधरराव जाऊन सहा वर्षं झाली. दुपारी मुक्ता बाहेर गेल्यावर सुधाने परातीवरची नजर न काढता मला सांगितलं, "ताई, मला लग्न करायचंय."

माझा हात थांबला. "कोणाशी वो?"

"कचेरीतले आहेत. मोरेश्वर. ठाण्याचे कोळी. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली."

खरं सांगायचं तर मनात दहा प्रश्न होते, पण तोंडातून आला तो अकरावाच. "मासे रांधशील?"

"शिकलेय," ती म्हणाली आणि लाजली. बावन्न वर्षांची बाई लाजली की फार सुंदर दिसते, हे मला साठ संक्रांती पाहूनही माहीत नव्हतं. मग म्हणाली, "पण मुक्ता नाही म्हणाली तर नाही. तिला दुखवून मला काही नको. ती नको म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. तू बघ."

आता मी काय बघणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपलं विषय काढायचा म्हणून मुक्ताला तिच्या कामाबद्दल विचारलं. सुधा समोर बसून एका नवरीसाठी हलव्याचा हार ओवत होती. मुक्ताने त्या हाराकडे बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. लेकरू आपल्या आवडीच्या विषयावर आलं की असं होतं. वर्गात मी त्यासाठीच जगले.

"हे बघ, हाच पेप्टाइड," ती म्हणाली. "प्रथिनाचा लहान तुकडा. मणी म्हणजे अमिनो आम्लं, एकापुढे एक ओवलेली. कुठला मणी कितवा ते शोधायचं असतं. एवढा बारीक हार डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून तो तोडायचा आणि तुकड्यांचं वजन करायचं. तुकड्यांच्या वजनावरून क्रम कळतो."

"एवढं आम्हालाही समजतं," मी म्हटलं.

"पण काही मण्यांवर नाजूक गोष्टी चिकटलेल्या असतात. कधी फॉस्फेट, कधी चक्क साखर. या काट्यासारखी. आता जुनी पद्धत बघ." तिने हाराचं एक टोक धरून गॅसच्या आचेजवळ नेलं. सुधा "अगं अगं" करेपर्यंत दोन मण्यांचे काटे विरघळले. दोरा शाबूत होता. "ऊन करा, आदळा, हलवा. जे सगळ्यात नाजूक ते आधी गळतं. हार तुटतो तेव्हा कुठल्या मण्यावर साखर होती ते कळतच नाही."

"आणि तू काय करतेस?"

"आम्ही ऊन करत नाही. पेप्टाइडचं पाणी सुईच्या टोकातून विजेच्या दाबाखाली फवारायचं. एकेका रेणूवर दोन-तीन धनभार येतात. ते रेणू चुंबकाच्या आत निर्वात जागेत धरून ठेवायचे आणि त्यांच्यात मंद, अगदी मंद इलेक्ट्रॉन सोडायचे. रेणू धनभारित, इलेक्ट्रॉन ऋण. रेणू त्याला स्वतःकडे ओढून घेतो. आणि इलेक्ट्रॉन आत आला रे आला की दोरा तुटतो. नेहमी तुटतो तिथे नाही, त्याच्या शेजारच्या बंधाशी. इतक्या झटकन तुटतो की साखरेला कळतसुद्धा नाही. ती आपल्या मण्यावर बसलेलीच. का, यावर अजून आमच्यात भांडणं आहेत. पण तुटतो हे नक्की, तुटतो आणि—"

"मुक्ते!" सुधा कळवळून म्हणाली. "नव्या नवरीचा हार आहे माझ्या हातात. सारखं तुटतो तुटतो काय?"

"मग काय म्हणू?"

"वाढतो म्हण."

आता हे ज्यांच्या घरात बोलत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. वाईट शब्द घरात नको म्हणून त्याच्या जागी चांगला बसवायचा. मी वर्गात अशा गोष्टींची टर उडवत असे.

मुक्ताही हसली. मग एकदम थांबली. "आई, पण ते खरंच आहे. त्याच्यात एक इलेक्ट्रॉन वाढतो, म्हणूनच तर तो तुटतो. दोन्ही एकाच वेळी. तिकडे आम्हाला याला दोन शब्द लागतात."

सुधाने हार खाली ठेवला. "सगळेच पेप्टाइड असे वाढतात का?"

"नाही. भार किमान दोन हवेत. एकच असेल तर इलेक्ट्रॉन आला की तो फिटतो, रेणू तटस्थ होतो आणि यंत्राला दिसेनासा होतो. दोन असतील तर एक गेला तरी एक राहतो. म्हणून तो दिसत राहतो."

"म्हणजे ज्याला जास्त भार, त्यालाच हे जमतं," सुधा हळूच म्हणाली.

पाठ्यपुस्तकात आम्ही विद्युतभार हा शब्द हजारदा लिहिला असेल. त्यात भार हा शब्द आहे, ओझ्याचा, हे मला त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा ऐकू आलं. मुक्ता उठून गॅलरीत निघून गेली. मी मागोमाग गेले.

"काऊन गं? मोरेश्वर वाईट आहेत का?"

"मी भेटलेच नाहीये. मावशी, आईने एकटं राहावं असं मला वाटत नाही. मी काय मागासलेली आहे का?" तिने कठडा घट्ट धरला होता. "पण ती ठाण्याला जाणार. हे घर बंद होणार. तिकडे त्यांचं घर, त्यांची माणसं. मग बाबा कुठे राहतील?"

मेलेला माणूस कुठे राहतो हे माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात कधी नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. खाली भाजीवाला वालाच्या शेंगा ओरडत होता. दुपारी सुधाने वालाचं बिरडं केलं, नारळ घालून, गूळ घालून. आम्ही तुरीच्या आमटीवर वाढलेली माणसं. आमटीत गूळ म्हणजे आम्हाला पाप वाटतं. दोनदा घेतलं.

टिटवाळा

टिटवाळ्याला जायची कल्पना माझी. तिथल्या गणपतीला गेलं की लग्न जमतं असं म्हणतात. देवाधर्माचं मला फारसं नाही, पण आपल्याला सुचेनासं झालं की दुसऱ्याला विचारावं, एवढं मी मानते.

आंबिवली स्टेशन मागे पडल्यावर जरा मोकळं दिसायला लागतं. गवत पिवळं पडलेलं, मधेच एखादी नवी इमारत एकटीच उभी, बांबू अजून न काढलेले. स्टेशनाबाहेर टांगे होते. सुधा पुढे टांगेवाल्याशेजारी बसली, आम्ही दोघी मागे उलट्या तोंडाने.

मुक्ता आपणहून म्हणाली, "कधीकधी गंमत होते. रेणू इलेक्ट्रॉन घेतो, तुटतो, पण तुकडे वेगळेच होत नाहीत. मधल्या बारीकसारीक ओढीने एकमेकांना धरून राहतात. वजन करून बघितलं तर अख्खाच. थोडी ऊब दिली तर मग सुटतात."

"म्हणजे तू आणि तुझी आई."

"मावशी, रेणूंना नातेवाईक नसतात."

मी गप्प बसले. विद्यार्थिनीने शिक्षिकेला असं गप्प करावं, यासाठीच शिकवायचं असतं. पण मला जे दिसलं ते दिसलं. श्रीधरराव गेल्यापासून या दोघी एकमेकींजवळ त्यांचं नाव काढत नाहीत, हे मी तीन दिवस बघत होते. ती रडेल म्हणून ही बोलत नाही आणि ही रडेल म्हणून ती.

देवळाबाहेर फुलवालीने मुक्ताला नखशिखांत न्याहाळलं आणि मला म्हणाली, "मावशी, पोरीचं जमलंच समजा. दूर्वा घ्या."

"माझं नाही हो," मुक्ता म्हणाली. "आईचं जमवायचंय."

सुधा चपला काढत होती, ती एक चप्पल हातात घेऊन तशीच वाकलेली राहिली. फुलवालीच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "असं का? मग दोन जुड्या घ्या," ती म्हणाली.

आम्ही दोन जुड्या घेतल्या. परत येताना मुक्ता माझ्या कानाशी कुजबुजली, "मी फक्त खरं ते सांगितलं. हो म्हटलं नाही."

ठाणे

मुक्ता भेटायला तयार झाली, हो म्हणायला नाही. डोंबिवलीहून ठाण्याला कसे पोचलो ते लिहीत नाही, जिवंत पोचलो. मोरेश्वर कोळीवाड्याच्या तोंडाशी वाट बघत होते. उंच, सावळे, इस्त्रीचा शर्ट, आणि हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे. सुधाशी "या" एवढंच बोलले, आणि तेवढ्यावरून मला कळायचं ते कळलं. माझ्या पाया पडले. मुक्ताला नुसता नमस्कार केला आणि मग तिच्याकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, पण आत शिरलं की गाव. अंगणात एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. ओसरीवर मोरेश्वरांची आई. डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आणि उजवा हात संपूर्ण ओका. आमच्याकडे ओका हात म्हणजे एकच अर्थ. एक हात ओका आणि एक भरलेला, हे मला कळेना, पण बोलल्याशिवाय राहवतं कुठे? मी त्यांच्याजवळ बसून हळहळत म्हटलं, "तुमचे यजमान कधी गेले वो?"

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मग अंगणाकडे तोंड करून ओरडली, "आयकला का ओ? तुमी गेलाव!" जाळंवाला म्हातारा मान वर करून बोळकं हसला.

"ह्यो काय बसलाय माजा दादला, जित्ता हाय गो!" ती माझ्या मांडीवर थाप मारत म्हणाली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मग तिनेच उजवा हात पुढे केला. "लग्नान या हातच्या बांगऱ्या दर्याला दिल्या. दर्यानं दादल्याला हात लावाचा नाय, म्हनून. आता कोन देतंय? आमच्या येलंला देत व्हते."

मुक्ता तो हात आपल्या हातात घेऊन बघत होती. एकाच गोष्टीकडे मी जन्मभर एका अर्थाने बघत आले आणि इथे तिचा अर्थ उलटा निघाला. म्हणून माणसाने प्रवास करावा.

आत गेलो. समोरच्या भिंतीवर मोरेश्वरांच्या पहिल्या बायकोचा फोटो, ताज्या अबोलीचा हार. त्याच्या शेजारी भिंतीत एक नवा कोरा खिळा ठोकलेला होता आणि त्यावर काहीच नव्हतं. सुधा त्याच्याकडे बघून थबकली. तिलाही ठाऊक नसावं.

मुक्ताने विचारलं, "हा कशाला?"

मोरेश्वर गडबडले. शर्टाच्या बाहीशी चाळा करत म्हणाले, "तुझ्या बाबांचा. म्हणजे तू हो म्हणालीस तर. नाही म्हणालीस तर मी काढून टाकीन, भोक बुजवून टाकीन. माझी काही... पण उंचीचा अंदाज आला नाही. मी त्यांना कधी बघितलेलं नाही ना. फार वर झालाय का?"

मुक्ता भिंतीजवळ गेली, टाचा उंचावून खिळ्याला हात लावून पाहिला. मग टाचा टेकवल्या आणि तळवा भिंतीवरून सावकाश खाली आणला.

"एवढा खाली हवा," ती म्हणाली. "बाबा उंच नव्हते. इतक्या वर त्यांना अवघडल्यासारखं होईल."

आणि ती रडायला लागली, आणि सुधाही, आणि दोघी एकमेकींना धरून सहा वर्षांचं रडल्या. "गाताना ते सूर सोडून द्यायचे," मुक्ता म्हणत होती, आणि सुधा, "आणि मग मलाच म्हणायचे तू चुकलीस." मोरेश्वर हातोडा शोधायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. समंजस माणूस. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हातारीपाशी बसले. तिने तांदळाची भाकरी आणि बोंबील पुढे केले. बोंबलाला काटा नसतो म्हणतात. तो काटा माझ्या घशात कसा अडकला ते तिलाही कळलं नाही. म्हातारीने कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला आणि पुन्हा बोंबील वाढले. आमच्याकडचं झणझणीत मटण खाल्लेली जीभ माझी, पण या आंबटसर कालवणापुढे मी ताटावरून उठायला तयार नव्हते. निघताना खिळा वीतभर खाली आला होता.

संध्याकाळी आम्ही तिघी तलावपाळीवर बसलो. मासुंदा तलावात होड्या फिरत होत्या, पोरं भेळेवर तुटून पडली होती. मुक्ताने आईचा हात धरला आणि म्हणाली, "आई, कर लग्न."

सुधा तलावाकडे बघत होती. "करणारच होते," ती म्हणाली.

"म्हणजे?" हे मी ओरडले. मला अमरावतीहून संत्र्यांसकट बोलावून काय सांगितलं होतं तिने!

"तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं गं ताई." मग तिने लेकीकडे तोंड केलं. मुक्ताच्या कपाळावरचे केस मागे सारले, लहानपणी सारायची तसे. "तू नाही म्हणाली असतीस तरी केलं असतं, मुक्ते. फक्त रडत केलं असतं."